मेहबूबखाँच्या जळगावात

बालगंधर्वांवर हक्क सांगणारी गावं महाराष्ट्रात कमी नाहीत. नागठाणं म्हणतं, राजहंस आमचे. मिरज म्हणतं, पोराचा कान बरा झाला तो आमच्याकडे, आणि किर्लोस्कर नाटक मंडळीत तो शिरला तेही इथूनच. कोल्हापूर शाहू महाराजांचं नाव पुढे करतं. पुण्याला तर तोंड उघडायचीही गरज नाही. लोकमान्यांच्या तोंडचं 'बालगंधर्व' पुण्याचं, १५ जुलै १९६७ ला डोळे मिटले ते पुण्यात, आणि नदीकाठी त्यांच्या नावाचं रंगमंदिर उभं आहेच. या गर्दीत जळगाव मागे उभं असतं. वास्तविक शाळकरी नारायण आपल्या नातलगांकडे जळगावला राहिला आणि गाण्याचे पहिले रीतसर धडे त्याने तिथे मेहबूबखाँ यांच्यापाशी घेतले. 'गाणं कुठून आलं' असं विचारायचं झालं तर पहिला हात जळगावने वर करायला हवा. खान्देशी माणूस तसा हात वर करत नाही. तो पाहुण्याला भरीत वाढतो आणि गप्प बसतो.

तरी जळगावने एक गोष्ट मनापासून केली आहे. दर जानेवारीत, नव्या वर्षाच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, तिथे बालगंधर्व संगीत महोत्सव भरतो. स्व. वसंतराव चांदोरकर स्मृती प्रतिष्ठान तो भरवतं. वीस वर्षांहून जास्त काळ हे चालू आहे. मुंबई-पुण्याच्या कुठल्याही मैफलीला शोभतील असे कलावंत केळी, कापूस आणि डाळीच्या या गावात येऊन गातात, वाजवतात, नाचतात. एखाद्या गायकाच्या नावाने सलग तीन संध्याकाळी लोकांना खुर्चीत बसवून ठेवायचं हे सोपं काम नाही. मला ते पाहायचं होतं, आणि जाताना वाट मुद्दाम धुळ्यावरून केली.

धुळ्याला मला दोन कामं होती. पहिलं राजवाड्यांचं. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ या गावाने उभं केलं. गावोगाव हिंडून, लोकांच्या माळ्यांवरून आणि कोनाड्यांतून दप्तरं गोळा करणारा हा विलक्षण चिडका माणूस. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाचे बावीस खंड त्याने छापले. त्याच गावात नानासाहेब देवांनी समर्थ वाग्देवता मंदिर उभारून रामदासी मठांतली हस्तलिखितं जमवली. पांझरेच्या काठचं हे गाव बाहेरच्याला गिरण्या, तेल आणि आग्रा रोडवरच्या ट्रकांचं वाटतं. पण कोणता कागद कोणी लिहिला हे नीट नोंदवून ठेवायची सवय महाराष्ट्रात कुठे मुरली असेल तर ती इथे. बखरी, पत्रं, पोथ्या, सगळ्यांना इथे आपापला धनी आहे. राजवाड्यांच्या पोथ्यांवरून मनात आलं, की चालींचं दप्तर कोणी ठेवलं? पेशव्याने कोणत्या तारखेला किती रुपये कर्ज काढलं हे आपल्याला सापडतं. आजी रोज गुणगुणायची त्या पदाची चाल कोणी बांधली, हे सांगता येत नाही.

दुसरं काम अण्णांचं. अण्णा म्हणजे माझ्या मित्राचे थोरले भाऊ. ऐंशीच्या दशकात खान्देशात गणपती, नवरात्र आणि लगीनसराई या तिन्ही हंगामांत ऑर्केस्ट्रा चालायचे, त्यातल्या एकात अण्णा साइड ऱ्हिदम वाजवायचे. बोंगो, तुंबा, डफली, खुळखुळे. शिरपूरपासून चोपड्यापर्यंत सुपाऱ्या असत. मग ऑक्टोपॅड आला, आणि चार माणसांचं काम दोन काठ्यांनी एक माणूस करू लागला. अण्णांचा तुंबा माळ्यावर गेला. मी आलो म्हणून त्यांनी तो पुतण्याकडून खाली उतरवून घेतला. उंच, पोटाशी फुगीर, लाल रंग उडालेला. कातडं ढिलं पडलेलं. अण्णांनी खाली मुठीएवढ्या कोळशांची शेगडी ठेवून त्याला शेक दिला, दोन बोटांनी टिचकी मारली, मान हलवली, पुन्हा शेक दिला.

हा तुंबा धुळ्याला आला कुठून? मुंबईहून, असं अण्णा म्हणतात, आणि ते खरंच आहे. मुंबईला कुठून आला, तर सिनेमाच्या आणि हॉटेलांच्या बँडमधून. गोव्याचे वादक ताजमहाल हॉटेलापासून रेकॉर्डिंग स्टुडिओपर्यंत सगळीकडे होते. कावस लॉर्ड या पारशी तालवादकाने लॅटिन तालवाद्यं हिंदी चित्रपटसंगीतात रुळवली. आणि पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे आपल्या सी. रामचंद्रांनी, १९५१ च्या 'अलबेला'त बोंगो असा काही वाजवून घेतला की गल्लीतल्या पोरांनी डालड्याचे डबे बडवायला घेतले. त्याच्याही मागे गेलं तर वाट समुद्रापार क्यूबाला पोचते. हे ढोल तिथे आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या वस्त्यांमध्ये वाजत. भल्या लोकांच्या नाचाच्या दिवाणखान्यात त्यांना मज्जाव होता. ते वाद्यवृंदात आणून बसवण्याचं श्रेय ज्यांना जातं त्यांत आर्सेनिओ रॉड्रिगेझ हे नाव फार वरचं.

या आर्सेनिओबद्दल दोन शब्द सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही, कारण मी त्याची गाणी कानात घेऊनच हा प्रवास करत होतो. जन्म १९११ चा, क्यूबाच्या मातान्झास प्रांतातला. घराणं कांगोतून आणलेल्या गुलामांच्या वंशातलं. लहानपणीच जनावराची लाथ बसून दोन्ही डोळे गेले. पोरगा 'त्रेस' नावाचं, तारांच्या तीन जोड्यांचं गिटारीसारखं वाद्य वाजवायला शिकला आणि गाणी रचू लागला. त्याचं एक गाणं १९३७ मध्ये हवानाच्या एका वाद्यवृंदाने ध्वनिमुद्रित केलं. ते गायलं मिगेलितो वाल्देसने आणि ते घरोघर गेलं. नाव मिगेलितोचं झालं. पुढे आर्सेनिओने स्वतःचा ताफा काढला, 'सोन' या नाचगाण्याच्या प्रकारात पियानो, जास्तीचे ट्रम्पेट आणि हा ढोल घातला, आणि ज्याला आज जग साल्सा म्हणतं त्याचा पाया रचला. १९४७ मध्ये डोळ्यांच्या इलाजासाठी न्यूयॉर्कला गेला. डॉक्टरांनी सांगितलं, आशा नाही. तो परत खोलीवर आला आणि त्याने एक संथ गाणं रचलं, ते आजही गायलं जातं. ३० डिसेंबर १९७० ला लॉस एंजेलिसमध्ये तो वारला तेव्हा त्याच्या चालींवर नाचणाऱ्या हजारोंना त्याचं नाव ठाऊक नव्हतं.

अण्णांना हा इतिहास मी सांगितला, त्यांनी 'हं' केलं. मग फोनवर गाणं लावलं. अण्णांनी तुंबा गुडघ्यांत धरला, डोळे मिटले, पहिल्या चार आवर्तनांतच ठेका उचलला आणि मग थांबले. "अरे, हा सम ठेवतो तरी कुठे?" त्यांचा प्रश्न बिनतोड होता. या संगीतात खालचा खर्ज वाजवणारा माणूस समेची वाट पाहत नाही. तो मात्रेच्या आधीच येऊन टेकतो आणि खऱ्या समेला तिथे शुकशुकाट असतो. तबल्यावर वाढलेला कान तिथे ठेचकाळतो. अण्णांनी गाणं पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा. शेवटी म्हणाले, "वाजवायला जमेल. पण याच्यावर डोकं हलवायला जमणार नाही." संगीतावरची यापेक्षा नेमकी टिप्पणी मी अलीकडे ऐकलेली नाही.

दुपारी धुळ्याच्या स्थानकावर एसटी पकडली. धुळे ते जळगाव नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर. सुरतेहून नागपूरकडे जाणारा हा जुना सहा नंबरचा महामार्ग. फागणे मागे पडलं की दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि वेचणी संपत आलेली कपाशी. जानेवारीत पऱ्हाटीवर राहिलेला उरलासुरला कापूस मळकट दिसतो, पण जिनिंगच्या आवारातले ढीग पांढरेशुभ्र असतात. एकेकाळी या ढिगांवर नाटकं चालली. कपाशीचा पैसा हातात आला की संगीत नाटक कंपन्या खान्देश-वऱ्हाडाचा दौरा काढत. शेतकऱ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी गाण्यावर पैसा उधळला म्हणून मखमली पडदे आणि अत्तरं परवडली, हे आपल्या रंगभूमीच्या इतिहासात जरा हळू आवाजात सांगितलं जातं.

शेजारी एक आजीबाई होत्या, मांडीवर पिशवी, पिशवीत मेथी. त्यांनी पारोळ्यापर्यंत माझी संपूर्ण चौकशी केली. "कथा चालनात भाऊ?" जळगावला, गाणं ऐकायला. त्यांनी मला नीट पाहून घेतलं. "मुंबईमा गाना नही शेत का?" यावर काय बोलणार!

पारोळ्याच्या स्थानकात शेंगावाला चढला. खाऱ्या शेंगा, कागदाचा कोन, आणि 'शेंगाऽऽ' ही हाक. शेवटचा आकार खाली उतरवत नेऊन मध्येच सोडलेला. ही हाक ऐकली आणि पुन्हा क्यूबा आठवलं, त्याला माझा इलाज नाही. तिथला सर्वांत गाजलेला सूर अशाच शेंगदाणेवाल्याच्या हाकेवर बेतलेला आहे. मोइसेस सिमोन्स या हवानाच्या संगीतकाराने त्याचं गाणं केलं, रिता मोंतानेरने ते गायलं, आणि १९३० मध्ये न्यूयॉर्कला डॉन आस्पियासूच्या बँडने अंतोनियो माचीनच्या आवाजात त्याची तबकडी काढली तेव्हा युरोप-अमेरिकेने रुंबाचं वेडच घेतलं. आता हिशेब बघा : हाक फेरीवाल्याची, गाणं सिमोन्सचं, आवाज रिताचा आणि माचीनचा, नाव बँडवाल्याचं. यातला फेरीवाला तर पहिल्याच वळणावर गळाला. आमचा शेंगावाला मात्र एरंडोलपर्यंत होता आणि त्याची बोहनी चांगली झाली.

एरंडोल, पाळधी, मग बांभोरी. गिरणेच्या पुलावर बस आली की डाव्या-उजव्या अंगाला नवं जळगाव सुरू होतं. टेकडीवर विद्यापीठ आहे, त्याला आता कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. हे मला फार आवडतं. असोद्याच्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईंचं नाव विद्यापीठाला देणं म्हणजे रचणाऱ्याला त्याचं देणं देणं. बहिणाबाईंच्या ओव्या त्यांच्या मुलाने आणि भाच्याने उतरवून घेतल्या नसत्या, आचार्य अत्र्यांनी उचलून धरल्या नसत्या, तर त्याही 'पारंपरिक' या खात्यात जमा झाल्या असत्या. लोकगीत म्हणजे पुष्कळदा ज्याचं नाव लिहायचं राहून गेलं असं गाणं.

जळगावात उतरल्यावर आधी जेवण. थंडीत खान्देशात येऊन भरीत न खाता जाणारा माणूस एकतर आजारी असतो नाहीतर पुणेरी. हिरवी, लांबट, कमी बियांची वांगी कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजायची, सोलून लाकडी भांड्यात ठेचायची, हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. सोबत ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी. काड्यांच्या धुराचा वास वांग्यात उतरला पाहिजे. गॅसवर भाजलेलं ते भरीत नव्हे, असं वाढणाऱ्याने मला बजावलं, आणि मी लगेच मान्य केलं.

संध्याकाळी संभाजीराजे नाट्यगृह. बाहेर चपला-बुटांपेक्षा मफलरी आणि कानटोप्या जास्त. जळगावचा उन्हाळा देशभर बदनाम आहे. पण जानेवारीतल्या रात्रीचा बोचरा वारा पाहुण्याच्या हिशेबात नसतो. आत मात्र भरगच्च. पहिल्या रांगांत पिकलेले लोक, आणि त्यांच्या मागे, मला आश्चर्य वाटावं एवढी, तरुण मुलं. यातल्या अनेकांना बालगंधर्व भेटले ते २०११ च्या चित्रपटातून. सुबोध भावेचा चेहरा, आनंद भाटे यांचा आवाज. त्यात वाईट काही नाही. माझ्या पिढीला तरी ते कुठे प्रत्यक्ष भेटले? आम्हाला खरखरणाऱ्या तबकड्या मिळाल्या, त्याही आकाशवाणीच्या कृपेने.

नाट्यपद सुरू होण्याआधी ऑर्गन पहिला स्वर भरतो त्या क्षणाला एक खास वजन असतं. गंधर्व कंपनीत ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर अहमदजान थिरकवाँ असत. यातल्या एकेका नावाने स्वतंत्र मैफल भरवावी अशी ही माणसं एका नाटक कंपनीत पगारी होती. थिरकवाँ साहेबांसारखा तबलजी ठेका धरून बसायचा आणि समोर लुगड्यातला नायक गायचा, हे चित्र जगाच्या रंगभूमीवर कुठे दुसरं सापडेल असं वाटत नाही. कंपनी कर्जात बुडाली त्यात नवल नाही. बुडाली नसती तरच नवल.

गाणाऱ्यांविषयी एक निवाडा देऊन टाकतो. बालगंधर्वांना मानवंदना द्यायला बसलेले गायक दोन प्रकारचे असतात. पहिले त्यांच्यासारखं गातात : तोच लाडिक उच्चार, शब्द मागे ओढून सोडण्याची तीच लकब, तीच मान वेळावणं. टाळ्या यांनाच जास्त मिळतात. मला ते ऐकताना नक्कल पाहिल्याचा संकोच होतो. दुसरे त्यांना समजून घेऊन स्वतःचं गातात. कुमार गंधर्वांनी हे करून दाखवलं. 'मला उमजलेले बालगंधर्व' हे त्यांनी आपल्या कार्यक्रमाला दिलेलं नावच पुरेसं बोलकं आहे. त्या संध्याकाळी एका तरुण गायिकेने 'स्वयंवर'मधलं रुक्मिणीचं भूपातलं पद घेतलं. तिने नारायणरावांची एकही हरकत उचलली नाही. पण लय उचलली. शब्द लयीच्या अंगावर अलगद टेकवायचा, घाई नाही, आळस नाही, आणि समेवर येताना आपण मुद्दाम आलो असं वाटू द्यायचं नाही. बालगंधर्वांचं जे मर्म जाणकार सांगत आले ते तिच्याकडे होतं. मागे बसलेल्या आजोबांनी 'वन्स मोअर' दिला. हा शब्द नाट्यगृहात ऐकून किती वर्षं झाली होती!

न्यूयॉर्कमध्ये आर्सेनिओच्या बाबतीतही असंच झालं आहे. तो गेल्यावर वर्षभरात लॅरी हार्लो या ज्यू पियानोवाल्याने त्याच्या नावाने अख्खी तबकडी काढली. आर्सेनिओला लोक 'अद्भुत आंधळा' म्हणत, म्हणून हार्लोला 'अद्भुत ज्यू' म्हणू लागले. १९९८ मध्ये मार्क रिबो या गिटारवाल्याने त्याच चाली विजेच्या गिटारवर, त्रेसची सोंगं न आणता वाजवल्या, आणि माझ्यासारखे कैक लोक तिथून उलटे चालत मूळ आर्सेनिओपर्यंत पोचले. मानवंदनेचं काम एवढंच असतं. ऐकणाऱ्याला मुळाकडे धाडणं.

आणि इथेच माझं घोडं अडतं. नाट्यपदाच्या मुळाकडे जायचं म्हणजे कोणाकडे?

माझ्याजवळ 'स्वयंवर'ची एक जुनी छापील प्रत असते. प्रवासात बरोबर ठेवतो. खाडिलकरांचं नाटक, १९१६ चं. संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत प्रत्येक पदाच्या डोक्यावर एक बारीक ओळ असते : राग अमुक, ताल अमुक, चाल अमुक. 'चाल' पुढे एखाद्या हिंदुस्थानी बंदिशीचे किंवा ठुमरीचे पहिले दोन-तीन शब्द. म्हणजे पद मराठी, पण अंगरखा ज्या मापावर बेतला ते माप उत्तरेचं. हे माप कोणी आणलं? 'स्वयंवर'च्या बाबतीत भास्करबुवा बखल्यांनी. कठोर नावाच्या गावी १८६९ मध्ये जन्मलेला हा माणूस फैजमहंमदखाँ, नत्थनखाँ आणि अल्लादियाखाँ अशा तीन उस्तादांची विद्या पोटात घेऊन बसला होता. पुण्याच्या भारत गायन समाजाची स्थापना त्यांची. त्यांनी चीजांच्या खजिन्यातून निवडून, नाटकातल्या प्रसंगाला आणि नारायणरावांच्या गळ्याला मानवेल असं काढून दिलं. 'मानापमान'च्या चाली त्याआधी, १९११ मध्ये, गोविंदराव टेंब्यांनी दिल्या. ठुमरी-दादऱ्याची पूरब अंगाची वळणं मराठी रंगभूमीवर आणली ती त्यांनी. 'एकच प्याला'साठी सुंदराबाई जाधवांनी चाली पुरवल्या. एका बाईने पुरवलेल्या चाली एका पुरुषाने बाईच्या वेषात गायल्या आणि महाराष्ट्र रडला; यातल्या सुंदराबाई किती जणांना आठवतात? 'कान्होपात्रा'ला मास्तर कृष्णराव होते. १९२२ मध्ये भास्करबुवा गेले तेव्हा बालगंधर्व कीर्तीच्या शिखरावर होते आणि त्या शिखराचा बराचसा दगड बुवांच्या खाणीतला होता.

हे सगळं बालगंधर्वांना लहान करण्यासाठी लिहीत नाही. चाल हा कागद असेल तर तो त्यांनी वाचला तसा कोणी वाचला नाही. भूपातल्या त्या बंदिशी शेकडो गवयांना येत होत्या. रुक्मिणी एकालाच सापडली. पण कागद कोणाचा हे विचारायची सवय धुळ्याने आपल्याला लावली आणि गाण्याच्या बाबतीत मात्र आपण ती मोडली. मराठीत नाट्यसंगीताचे कार्यक्रम गावोगाव होतात. निवेदक नाटकाचं नाव सांगतो, नाटककाराचं सांगतो, मूळ गायकाच्या चार आख्यायिका रंगवून सांगतो, आणि ज्याने सूर बांधला त्याचं नाव बहुतेकदा निवेदनातून गळलेलं असतं. पुण्या-मुंबईपासून पार तालुक्याच्या गणेशोत्सवापर्यंत मी हेच ऐकत आलो आहे. चित्रपटगीतांच्या कार्यक्रमात असं होत नाही. तिथे गीतकार, संगीतकार, गायक ही तीन नावं निवेदकाला पाठ असतात. रेडिओ सिलोनने आणि विविध भारतीने ती शिस्त लावली. नाट्यसंगीताला तशी शिस्त लावणारं कोणी भेटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जळगावात भटकलो. सराफ बाजार उघडत होता; सोन्याच्या शुद्धतेबद्दल या बाजाराची ख्याती लांबवर आहे, आणि लग्नाची खरेदी करायला आलेली माणसं सकाळी दहालाच दुकानांच्या पायऱ्यांवर बसली होती. एका बोळातून बँडची तालीम ऐकू आली. ट्रम्पेटवाला कुठल्याशा अहिराणी गाण्याची ओळ घोटत होता आणि प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी घसरत होता. त्या गाण्याचा संगीतकार कोण, असं त्याला विचारावंसं वाटलं, पण त्याची अडचण जास्त निकडीची होती. शहरात बालगंधर्वांच्या नावाचं खुलं नाट्यगृह आहे. तिथेही जाऊन आलो. उघड्या आकाशाखालच्या पायऱ्या, समोर रंगमंच. मेहबूबखाँच्या नावाची पाटी मात्र मला जळगावात आढळली नाही. एका पोराच्या गळ्यात पहिला षड्ज ज्यांनी नीट बसवला, त्यांच्या नावाचा एखादा चौक, एखादी गल्ली, संगीत शिकवणाऱ्या एखाद्या वर्गाची खोली असायला काही हरकत नव्हती.

म्हणून माझी मागणी लहान आहे आणि ती फक्त जळगावकरांना नाही. नाट्यसंगीताचा कार्यक्रम जिथे कुठे कराल तिथे निवेदकाच्या हातातल्या कागदावर प्रत्येक पदासमोर तीन नावं लिहून द्या : पद कोणाचं, चाल कोणाची, पहिल्यांदा गायलं कोणी. भास्करबुवा, टेंबे, सुंदराबाई, मास्तर कृष्णराव ही नावं उच्चारायला एका पदाला दहा सेकंदंही लागत नाहीत. आणि पुढच्या जानेवारीत महोत्सवाला निघालात तर धुळ्यावरून या, राजवाडे मंडळात डोकावा, पारोळ्याला शेंगा घ्या, स्वेटर बरोबर ठेवा. जळगावात कोणी बालगंधर्वांची गोष्ट सांगायला लागलं, तर ती मेहबूबखाँपासून सुरू करायला सांगा.